लॅबचा एकच पासवर्ड

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या नेटवर्क विभागाच्या ताई, त्यांचे कुटुंबीय आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी रक्त तपासणाऱ्या लॅबमधली. माइकपुढे बोलायची मला सवय नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

ताई इथे आल्या तेव्हा आमच्या लॅबमध्ये माणसं सात आणि पासवर्ड एक. तोही कॉम्प्युटरवरच चिकटवलेला. ताई म्हणाल्या, "प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन देते. ज्याचं जे काम, तेवढंच त्याला उघडेल. कोणी काय केलं, त्याची नोंद राहील." केवढा गहजब केला आम्ही! सगळ्यांत पुढे मी. "आमच्यावर विश्वास नाही का?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "आहे ना. पण उद्या कोणी तुमच्याकडे बोट दाखवलं, तर तुमची बाजू मी कशाच्या जोरावर घेऊ?"

आम्ही सह्या गोळा केल्या आणि ते काम वर्षभर अडवलं.

त्याच वर्षी दोन रुग्णांच्या रक्तगटांची अदलाबदल झाली. रक्त चढवण्याआधी सिस्टरांनी पुन्हा तपासून घेतलं, म्हणून निभावलं. रिपोर्ट टाकला कोणी? लॅबने. म्हणजे सातांपैकी कोणीही! मग नजरा वळल्या मास्तरांकडे. आमचे सर्वांत जुने सहकारी, जाड भिंगांचा चष्मा. "त्यांना हल्ली नीट दिसत नाही," असं कोणीतरी म्हणालं आणि तेवढं पुरलं. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. जाताना मलाच म्हणाले, "माझ्याच हातून झालं असणार गं. डोळ्यांचा भरवसा राहिला नाही."

अध्यक्ष महोदय, ती चूक माझी होती. त्याच संध्याकाळी माझ्या एप्रनच्या खिशात चिठ्ठी सापडली. दोन्ही नमुन्यांचे नंबर, माझ्या अक्षरात, उलटसुलट लिहिलेले. मी ती फाडून टाकली.

पुढच्या महिन्यात ताईंनी एकेकाला लॉगिन दिलं. आता विरोध कोण करणार? माझ्या वेळी एवढंच म्हणाल्या, "यापुढे तुमचं काम तुमच्याच नावावर." त्यांना काही कळलं होतं का? विचारायचं धाडस मला नऊ वर्षांत झालं नाही.

आज सकाळी मी अधीक्षकांना सगळं लिहून दिलं. काल मास्तरांना फोन केला. ते आता लेकीकडे असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा माझे डोळे ठीक होते?"

"हो, मास्तर."

"नातीला उचलून घेऊन मी कधी जिना उतरलो नाही गं. वाटायचं, पाडेन."



ताई, तुमच्या समारंभात हे सांगायला नको होतं, पण तुमच्यादेखतच सांगायचं होतं. तुमचे आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. बाकीची माफी मागायला उद्या मी मास्तरांच्या दारात उभी राहणार आहे.