पाचवा दाखला

—अहो बसा हो, फ्राऊ रेडलिश, त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, पण मोडायची नाही, अख्खं युद्ध काढलंय तिनं. फोटो द्या इकडे. एमिलचाच ना? ओळखला की. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि फ्रेमची आठवण आत्ता? असू दे, असू दे, मी आपलं बोलतो. बीच झाडाच्या लाकडाची देतो, काचा अजून दोन शिल्लक आहेत, बाकीच्या बॉम्बनं नेल्या. पैसे? छे! बटाटेही नकोत. हा कागद घ्या, ही पेन्सिल. दोन ओळी लिहा, झालं. ओस्वाल्ड ब्रेंडल, फ्रेमवाला, यांना मी वीस वर्षं ओळखते, माणूस सज्जन आहे, त्या बारा वर्षांत त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही. खाली सही. एवढंच.

का म्हणजे? पुढच्या दाराला अमेरिकनांनी सील ठोकलंय, बघितलंत ना? उगीच का तुम्हाला मागच्या बोळातून आणलं! एकशे एकतीस प्रश्न विचारलेत मला, बाई, एकशे एकतीस — वजन किती, उंची किती, नाझी पक्षाची वर्गणी कधी भरली. आणि वर पाच दाखले आणा म्हणे, चांगल्या वागणुकीचे. चार आहेत माझ्याकडे. पाव भाजणाऱ्यानं दिला, कारण त्याला डॉक्टरनं दिला होता, डॉक्टरला हेडमास्तरनं दिला होता, आणि हेडमास्तरला कुणी? पाव भाजणाऱ्यानं! एकमेकांच्या पाठी चोळताहेत सगळे, गावात कुणी नाझी नव्हताच म्हणे — मग मी त्यांच्या मिशीवाल्या पुढाऱ्याचे चारशे फोटो कुणाच्या भिंतींसाठी मढवले, डुकरांच्या? पण दाखले तपासणारी कमिटी माझ्या या चार दाखल्यांना हसते. ज्याचं माणूस नाझींनी मारलं, अशा एकाचा दाखला आणा म्हणते, तर सील काढू. म्हणून तुम्ही. लिहा ना, मी बोलत राहिलो तरी तुम्ही लिहा.

गावाचं मला काय सांगता, मी या गावाला मागून ओळखतो. खिळे उपटले, पुठ्ठा काढला की माणूस कळतो. माझा बाप सम्राटाचे, कैसरचे फोटो मढवायचा. कैसर पळाला, लोक म्हणाले, वर अध्यक्ष लावा, कैसर आतच राहू द्या, न जाणो परत आला तर! मग तेवीस साल आलं, पावाला अब्जावधी मार्क, पुठ्ठा मिळेना, मी नोटाच कोंबल्या फ्रेमच्या पाठीत, पुठ्ठ्यापेक्षा स्वस्त पडल्या. मग कारखाने बंद, अर्धं गाव बेकार, ज्यांच्या घरात पातेल्यात पाणी उकळत होतं ते येऊन मला काय विचारायचे? मिशीवाला केवढ्याला! सूप नाही, पण सोनेरी पट्टी हवी. आणि आता? आता सगळ्यांना हरणं हवीत. डोंगर, तळं, हरणं. फ्रेम तीच, काच तीच, मिशीवाला चुलीत. अशा लोकांसाठी माणूस मेला म्हणजे — तुमच्या एमिलबद्दल म्हणतोय — फुकट गेला हो.

सरळ माणूस, पण मूर्ख. रागावू नका. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस, बत्तीस अक्षरांच्या ओळीत एक चूक सापडायची नाही त्याची, आणि नेमकी तीच खोड नडली. बंदी आलेल्या संघटनेचा फोटो लपवून ठेवायचा तर ठेव, पण मागे नऊ जणांची नावं? आडनावांसकट, कोण डावीकडून कितवा? असं कुणी लिहितं? खिळे जुळवणारेच लिहितात, नावाशिवाय काही सोडवतच नाही त्यांना. तुम्हाला कुठे माहीत होतं, तुम्ही तर बिचाऱ्या भिंतीवरची तुमच्या लग्नाची फ्रेम घेऊन आलात, एमिल पाळीवर होता, पक्षाचा गल्लीप्रमुख भिंतीवर मिशीवाला नाही म्हणून रोज टोमणे मारत होता — म्हणालात, ब्रेंडल, यावरच तो मिशीवाला लावून द्या. मी मागून उघडली, तर लग्नाच्या मागे ते नऊ जण—

काय? मला कसं ठाऊक म्हणजे? अहो, उघडल्याशिवाय फ्रेम भरता येते का! दिसलं, बस. परत ठेवणारच होतो. पण समोर क्राउपे उभा, पक्षाच्या कचेरीचा, शाळेसाठी चाळीस फ्रेमांची ऑर्डर घेऊन आलेला. मी काही सांगितलं नाही. मी हसलो. म्हटलं, बघा हे खिळेवाले, नावंसुद्धा लिहून ठेवलीत! एक हसणं, बाई. एकशे एकतीस प्रश्नांत हसलात का असा प्रश्न नाही, मी दोनदा वाचलाय फॉर्म. त्यानं हात पुढे केला, मी फोटो दिला. न देऊन काय केलं असतं? नऊही जणांना उचललं, तेव्हा तुम्ही आपल्या दिरावर संशय घेतलात, तो पक्षात गेला म्हणून. त्याच्याशी पुन्हा कधी बोलला नाहीत, तो रशियाला लढायला निघाला तेव्हाही नाही, आणि तो तिथेच मेला. मला वाईट वाटायचं, खरंच वाटायचं, रविवारी चर्चमध्ये तुम्ही दोघं वेगळ्या बाकांवर — पण मी मध्ये कशाला पडू घरच्या भांडणात?

किती लिहिताय हो? दोन ओळी म्हटलं होतं मी. पान भरलं. बघू. बघू तर. '…क्राउपे यांच्या हाती स्वतः दिला, असे त्यांनी आज मला सांगितले…' हे काय? हा दाखला झाला? नऊ नावं कशाला लिहिलीत? आणि सही — सही केलीत. तारीख पण. द्या तो कागद. बाई, सज्जन शब्द कुठे आहे यात? द्या इकडे, पिशवीत काय घालता! बरं, चुकलं माझं, दुसरा कागद देतो, बसा, तुम्ही सांगाल तसं — आणि फोटो कशाला उचलता, फ्रेम करतोय ना मी, बीचच्या लाकडाची, फुकट देतो म्हटलं ना, बाई, फुकट—