नागपूरहून आलेलं उत्तर

माणिकपूरच्या सायबर कॅफेत क्षितिजा नंबर लावून बसली होती. समोरच्या कॉम्प्युटरवर समुपदेशक क्लारा मॅडम आणि त्यांच्या हाताखालची फेलिशिया होत्या.

"मॅडम, ऑर्कुटवरच्या समुपदेशकांच्या ग्रुपवर तुमच्या प्रश्नाला नागपूरहून उत्तर आलंय."

"पेशंटचं नाव नाही ना घातलंस?"

"नाही हो. एक बाई येते, काही न बोलता निघून जाते, एवढंच लिहिलं."

"मग काय म्हणतात तुझे विद्वान?"

"विचारतात, ती गप्प असते तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी? मी समजावते तिला."

"किती वेळ?"

"ती उठेपर्यंत."

फेलिशियाला हसू आवरेना.

"हसतेस काय? उद्या यायचीय ती. गप्प कसं बसायचं, तेही विचार त्यांना."

क्षितिजाचा नंबर आला, पण नागपूरचं पुढचं उत्तर अजून ऐकायचं राहिलं होतं.

"तुम्ही बसा आधी," ती मागच्या बाईंना म्हणाली.