तिसऱ्या टेबलावरचा क्लिफ

नाही, दुकानात न्यायचा नाही. मागच्या खेपेला, गेल्या वर्षी मेमध्ये, तुमचाच माणूस म्हणाला, मावशी, दोन दिवसांत आणून देतो — आठवडा लावला. तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. तुम्ही इथंच बघा काय ते. टेबल ओढून घ्या, पडदा सारते, चहा ठेवते, पण सहाच्या आत चित्र दिसायला हवं, पिकरिंगसाहेब. सहाला बेरिल येते. माझी सून. मासे खारवायच्या कारखान्यात आहे, तिथून सुटली की शेजारणीकडून पोरीला, हेझलला, घ्यायची आणि थेट इकडं, रोज. आज तर टीव्ही बंद असून चालायचंच नाही.

बिघडला म्हणजे काय, काल दुपारी वेल्श लोकांचा कार्यक्रम चालला होता — हो, बघते ना, वेल्श कळायला कशाला हवं? मी तोंडं बघते. तर त्यातली ती बाई आक्रसत आक्रसत पावाच्या तुकड्याएवढी झाली आणि गेली. मग जळका वास. आवाज मात्र राहिला. म्हणून सबंध संध्याकाळ आम्ही तिघी अंधाऱ्या काचेकडं बघत बसलो, ऐकत. बेरिल म्हणाली, आई, आवाजात तो ओळखू येईल का हो? मी म्हटलं, हसला तर येईल.

तुम्ही म्हणाल म्हातारीला व्यसन लागलंय. सगळी गल्ली म्हणते. सकाळी दहाला, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, पडद्यावर ते गोल-गोल रेघांचं कार्ड असतं बघा, नुसती वाजंत्री चालू, तेव्हापासून मी खुर्चीत. कार्डावर कोण दिसणार? कुणी नाही. पण म्हटलं, आपण उठावं आणि नेमकं तेव्हाच काही लागावं. मग शाळेच्या पोरांचे धडे, मग वेल्श, मग तान्ह्या मुलांच्या बाहुल्या, मग मध्ये काहीच नसतं तेव्हा बटाटे सोलून घेते — तोंड इकडंच. शनिवारी घोड्यांच्या शर्यती, त्या मला फार बऱ्या, गर्दी दाखवतात. पाचला मुलांचं, सहाला दहा कमी असताना बातम्या. मग ती गाणी, नाटकं, प्रश्नोत्तरं, काय काय. शेवटी पाद्री येऊन चार शहाणपणाचे शब्द सांगतो, राणीचं गीत लागतं, मी एप्रनसकट उभी राहते, आणि बंद केल्यावर मधोमध तो पांढरा ठिपका उरतो ना, तो पुरता जाईपर्यंत बेरिल कोट घालत नाही. पोर तिच्या खांद्यावर झोपलेली असते. असा आमचा दिवस. डोळ्यांत तेल घालून.

कुणाला शोधतो? सांगते ना. क्लिफला. माझा मुलगा.

ऐकलं असेल तुम्ही, 'मार्गारेट हॉब्सन' बोट. आइसलंडच्या वर बुडाली, येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. वीस माणसं, त्यात क्लिफ. एक फळकूट हाती लागलं नाही. मालकाच्या ऑफिसातला माणूस टोपी हातात घेऊन आला, पाद्री आला, सगळं रीतसर झालं. आणि मग एप्रिलमध्ये — मी इथंच बसले होते, मांडीवर मटार — ते पबसारखं सजवलेलं असतं बघा, लोक टेबलाशी बिअर पीत बसतात आणि पुढं गाणारे गातात — कॅमेरा फिरला आणि तिसऱ्या टेबलावर क्लिफ. माझा क्लिफ, हो. हसताना कानाची पाळी ओढायची त्याची खोड, लहानपणापासूनची. ओढली त्यानं. मटार सगळे जमिनीवर.

आता तुम्ही सांगा, टीव्हीवर दिसतं ते तेव्हाच चाललेलं असतं ना? घड्याळ दाखवतात त्यात. त्यावर मी शेल्फावरचं घड्याळ लावते, मिनिटाचा फरक नसतो. मग? बोट बुडाली जानेवारीत आणि पोरगा एप्रिलमध्ये बिअर पितोय, म्हणजे तो बोटीवर चढलाच नव्हता. होतं असं. आदल्या दिवशी प्यायलेला माणूस गोदीवर पोचत नाही, त्याच्या जागी दुसराच कुणी चढतो, कागदावर नाव मात्र ह्याचंच. मग लाजेनं घरी येत नाही. मी तश्शी चपलांवर धावत बेरिलकडं गेले. तिनं काळे कपडे त्या दिवशी उतरवले.

सापडलं का काही? व्हॉल्व्ह गेला म्हणता, ती काचेची नळी? आहे ना तुमच्या पेटीत? मग घाला की. माझी चिंता करू नका, मी बोलत राहते, तेवढंच. बिस्किट घ्या, आल्याचं आहे.

बेरिल गुणाची आहे. बायका काही म्हणोत. बोट सुटायच्या दिवशी आमच्यात कपडे धूत नाहीत, माहीत असेल तुम्हाला — त्या दिवशी धुतलं तर माणूसच धुवून जातो. हात हलवून निरोपसुद्धा देत नाहीत. आणि बायका कुजबुजल्या की बेरिलच्या दोरीवर शर्ट होता. नव्हता. दोरी कोरडी होती तिची. शर्ट — शर्ट इथं होता. माझ्या मोरीत. निघताना इथं आला, चहा सांडला अंगावर, म्हणाला, राहू दे आई. मी म्हटलं, असा डाग घेऊन जातोस काय, दुसरा घाल. आणि तो गेल्यावर नुसता खळबळला हो मी, साबणसुद्धा लावला नाही. नुसता पाण्यातून काढला. बेरिलला वर्षभर बायका टोचत होत्या आणि मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

म्हणून तो जिवंत असायलाच हवा होता, कळलं का? बुडत्याला काडीचा — जाऊ दे, ती म्हण आमच्या घरात नको.

काय ते? कसला कागद? द्या इकडं. द्या म्हणते ना.

टीव्हीची भोकं ह्यानंच बुजली होती? वारा लागला नाही, म्हणून तापून जळला? म्हणजे मीच की. वरच्या फटीतून सारला होता, वाटलं, पडला आत, गेला, आता कुणाच्या बापाच्या हाताला लागत नाही. बघा, कडा कशा तपकिरी झाल्यात. वाचलंत ना तुम्ही? वाचलंतच. एवढं चांगलं टाईप केलेलं पत्र आहे, टीव्हीच्या लंडनच्या ऑफिसातलं. मीच विचारलं होतं, तिसऱ्या टेबलावरच्या माणसाचा पत्ता द्या म्हणून. कुणी एक मिस आहे, फार सभ्य लिहिलंय तिनं. कार्यक्रम चौदा नोव्हेंबरला, बोट सुटायच्या आधीच, टेपवर भरून ठेवला होता, एप्रिलमध्ये नुसता लावला. मासा खारवून ठेवावा तसा माणूस ठेवतात आणि मग वाढतात — मला काय माहीत? तुमच्या धंद्यातलं ते. नोव्हेंबरात तो तीन दिवस किनाऱ्यावर होता, म्हणाला होता जाळी दुरुस्तीला जातो, आणि गेला होता दोस्तांबरोबर मजा मारायला. ते दोस्तही त्याच बोटीवर होते. विचारायचं कुणाला?

जूनमध्ये आलं हे. गेल्या वर्षीच्या.

असं बघू नका माझ्याकडं. सांगणार होते. त्या दिवशीच सांगणार होते. पण ती आली ती पोरीला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, आई, आज शर्यती आहेत, गर्दी असेल. काय सांगू तिला? मग दुसऱ्या दिवशी. मग तिसऱ्या. सांगितलं की ती यायची थांबणार, हेझलला घेऊन जाणार, आणि मग ह्या खोलीत मी आणि तो ठिपका. फ्रँक म्हणून आहे एक, ग्रिम्सबीला बस चालवतो. चांगला आहे, मेला, काही खोटसुद्धा काढता येत नाही. नाताळात त्यानं तिला मागणी घातली, तर नवरा जिवंत आहे म्हणून सांगितलं तिनं. आता पुन्हा विचारलंय, शेवटचं. रविवारी उत्तर द्यायचंय. काल निघताना दारात म्हणाली, आई, उद्या तुम्ही मला एकदाच पक्कं सांगा, तोच होता का. तुम्ही म्हणालात तर मी थांबते.

सव्वीस वर्षांची आहे ती.

तुम्हीच सांगा मी काय करू. सांगायचं, होय ना? मलाही तेच वाटतं. आज सांगते. ती आली की कोटसुद्धा काढू देत नाही, हातात कागद देते, म्हणते वाच. तुम्ही साक्षीला आहात, बघा. बरं झालं ह्या टीव्हीनंच ओकून टाकलं ते.

आलं चित्र? आलं. स्वच्छ आहे हो, कालच्यापेक्षा स्वच्छ. थांबा, मागचं दार वाजलं.

ये गं, बेरिल. ये, पाय पूस. हेझल, आजीला पापी दे. हे टीव्हीवाले, पिकरिंगसाहेब, झालंय त्यांचं काम. हे? काही नाही गं, टीव्हीचाच कागद आहे, कसा चालवायचा त्याचा. अहो, एवढा कागद आत ठेवून द्या — नको, आत नको, माझ्या खिशातच बरा. स्क्रू घट्ट लावा तेवढे. लावले? मग निघा तुम्ही. निघा म्हणते ना, काय उभे राहिलात, चहा झालाय तुमचा.

हो गं. हो, विचार केला मी रात्रभर. तोच होता. कानाची पाळी ओढली त्यानं, आई चुकेल का? बस इथं, पोरीला दे माझ्याकडं. दार ओढून घ्या, साहेब, वारा येतो.