स्विमिंग पूलमधल्या म्हशी

शाळेच्या संस्कारांचं मला सांगूच नका यार! आम्ही नवेनवे गुडगावला राहायला गेलो आणि मुलीला तिथल्या नव्या पब्लिक स्कूलमध्ये घातलं. पहिल्याच दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी मुलांना-पालकांना तासभर ऐकवलं, "सत्य हेच आमचं मूल्य." मग स्विमिंग पूल दाखवला. पूल कसला, नुसता खड्डा! त्यात गावातल्या म्हशी डुंबत होत्या.

पुढे शाळेला मान्यता द्यायला इन्स्पेक्टर आले. त्यांनी पूल कुठंय विचारल्यावर आमच्या मुलीने त्यांना थेट म्हशींसमोर नेऊन उभं केलं.

झालं! ऑफिस सोडून आम्ही दोघं शाळेत हजर. मॅडम कडाडल्या, "घर में यही सिखाते हैं आप?"

बायको शांतपणे म्हणाली, "जी नहीं, घर में तो चुप रहना सिखाते हैं. सच बोलना इसने आपके यहाँ सीखा."