माईक आता चावत नाही

— वाचा ना काका, प्लगच्या बोर्डावरची ती चिठ्ठी वाचा, फक्त शुद्धलेखनाकडे बघू नका. ‘या बोर्डाला दुसरे काहीही लावू नये’ असं लिहायचं होतं, त्यात दोनतीन ठिकाणी गडबड झालीय. आठवीनंतर शाळा सुटली, लगेच मामांच्या या स्टुडिओत आलो वायरी ओढायला, त्यामुळे बोलणंही साधंच — सांभाळून घ्या. बसा. आत तुमच्या मुलीचं गाणं चाललंय, मधे दार उघडता येत नाही. त्यांना पुढे इथे पाठवायचं की नाही ते तुम्ही आज बघून ठरवणार म्हणे — बघा, अगदी निवांत बघा. माईक आता अजिबात चावत नाही.

म्हणजे — त्यांनी घरी सांगितलं नव्हतं का? बरं. आता निघालंच आहे तोंडातून तर पूर्ण सांगतो, अर्धवट ऐकून तुम्हाला नसती काळजी. झालं काय, कॉम्प्युटर एका बोर्डावर आणि मिक्सर — स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाचा — तो पलीकडच्या खोलीतून ओढलेल्या वायरीवर. दोघांचं अर्थिंग दोन वाटांनी, आणि मधून एकमेकांना जोडले की स्पीकरमधून गुंऽऽ. गाणं कुठलंही असो, मागे भुंगा. त्यात मामींचा फ्रिज त्याच लाइनवर, तो सुरू झाला की गाण्यात टक्. मामा आधी फ्रिज बंद करून रेकॉर्डिंग करायचे आणि चालू करायला विसरायचे. दूध नासलं, मामी बोलल्या — मामी बोलल्या म्हणजे काय, ते तुमच्यासारख्या संसारी माणसाला सांगायला नको — त्यानंतर फ्रिजला हात लावायची सोय राहिली नाही. मग मामांनी पक्कड घेतली आणि मिक्सरच्या पिनेचा तिसरा, जाड पाय कापून टाकला. अर्थिंगचा. भुंगा कमी झाला. मामा खूश. खुशीत कॉम्प्युटरचाही कापला, मग जे समोर येईल त्याचा कापला. स्टुडिओ एकदम शांत.

आता करंट काय, प्रत्येक यंत्रातून थोडाथोडा गळतोच, त्याला जमिनीत जायला तो जाड पाय. तो नसला की करंट दुसरं कोणीतरी बघतो — म्हणजे माईकला ओठ टेकवून उघड्या पायांनी जो उभा असेल तो. मामांना कळणार कसं, ते कायम रबरी स्लिपरमध्ये. गाणाऱ्यांना मात्र चपला बाहेर, पायांचा आवाज नको म्हणून. आणि गाणारी माणसं काय हो — ओठ झिणझिणले की त्यांना वाटायचं सूर लागला. एक गृहस्थ तर रडले, म्हणाले, आज अंगात काहीतरी संचारलं. संचारलं होतंच.

एकटी तुमची मुलगी म्हणाली, हा चावतो. मामा म्हणाले, नवीन आहेस, घाबरतेस. ती — त्या — पुन्हा उभ्या राहिल्या, आणि ओठ लावायच्या आधी डोळे मिटले, सुई टोचून घेताना मिटतात ना, तसे. मला बघवेना. मी चार माणसांत तोंड उघडणारा नाही काका, घरी पाहुणे आले की गच्चीवर जाऊन बसतो — पण मेन बंद केला, कपाटामागे हात घातला आणि पिना काढून मामांसमोर धरल्या. मामा तापले. म्हणाले, पाय लावला की भुंगा येणार, मग गिऱ्हाइकं काय तू आणणार? एवढ्याशा झिणझिणीनं कोणी मरत नाही.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘मग चपला काढून तुम्ही गा.’

मामांना असं कोणी बोललेलं नाही. मी आडवा जाईपर्यंत त्यांनी पिना खुपसल्या, मेन चालू केला, स्लिपर भिरकावल्या, माईकला तोंड लावलं, आणि जो सूर लागला तो कुठल्याच पेटीत नाही. मामी लाटणं घेऊनच आल्या, कोण पडलं म्हणत. मामा खाली बसले, एकेक करून स्लिपर शोधल्या, घातल्या, आणि हळूच म्हणाले, उद्या सकाळी कर काय करायचंय ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी लाइन घेतली, अर्थिंग तपासून घेतलं, नव्या पिना बसवल्या, सगळी यंत्रं या एकाच बोर्डावर आणली — एकच वाट, म्हणून भुंगाही गेला — आणि फ्रिजला दुसरी लाइन. टेस्टर लावला, मीटर लावला, सगळं नीट. तरी मला वाटलं, यंत्राचं काय सांगावं, आणि तिचे ओठ किती नाजूक — म्हणजे गाणाऱ्यांचे असतातच — म्हणून चपला काढल्या आणि ती यायच्या आधी मीच ओठ टेकवले. काही झालं नाही. म्हणून परत टेकवले. डोळे मिटून, नीट, बराच वेळ —

माईकला, काका.

आणि नंतर पुसला. शपथ, पुसला.