दाराशी उभी नायिका

संगीत नाटक न ऐकताच म्हाताऱ्यांचं म्हणून निकालात काढता ना, चूक तुमच्या कानांची आहे! हेच पटवायला मी परवा चाकणहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझं लाडकं नाट्यगीत स्पीकरवर लावलं. रुसलेल्या नवऱ्याच्या दाराशी उभी नायिका म्हणते, ‘उघडा ना.’ कुरुळीला तिनं आलाप घेतला आणि मोशीच्या ट्रॅफिकमध्येही ती ‘उघडा ना’च म्हणत होती.

“अगं, एका ओळीत हिची शिफ्ट संपायची!” मागून सचिन ओरडला. सगळी बस हसली.

तेवढ्यात माझा स्टॉप आला. हिरमुसून मी गाणं बंद केलं आणि उठले.

ड्रायव्हरकाका म्हणाले, “ताई, थांबा की जरा. त्यानं दार उघडलं का न्हाई, तेवढं कळू द्या.”