मामाजींची खुर्ची

तुम्ही ज्या डिझाइन अवॉर्डच्या ट्रॉफीले हात लावून पाहून राहिले ना, तिची खरी गोष्ट सांगतो. फक्त हसू नका गा.

माझे मामाजी उमरेडले हातमागावर विणतात. त्यांच्या कमरेसाठी मी मागावर बसायची, पाठ टेकता येईल अशी बुटकी खुर्ची बनवली. फोटो काढले. मामाजी म्हणाले, "लय आराम आहे गा, बाबू." अन् मी लगेच खुर्ची गाडीत टाकून शहरात सदर भागातल्या माझ्या ऑफिसात आणली. स्पर्धेत मांडायची होती, तिथं मळली असती! अर्जात मात्र लिहिलं, विणकर सहा महिन्यांपासून रोज वापरून राहिले.

निकालाच्या दिवशी परीक्षक बाई म्हणाल्या, "त्यांनाच फोन लावा ना, स्पीकरवर." मले फोन लावाच लागला.

"काका, खुर्चीवर रोज बसता का?"

मामाजींनी माग थांबवला. हा माणूस कधी गिऱ्हाइकाशीही खोटं बोलला नाही. "हो मॅडम, रोज. कंबर दुखणं बंदच झालं. भाच्यानं लय केलं माह्यासाठी."

हॉलभर टाळ्या. पहिला नंबर.

संध्याकाळी माफी मागाले मी फोन केला, पण तोंडातून निघालं, "मामाजी, नंबर आला!"

"वा गा, वा!" ते खरंच खूश झाले. मग हळूच म्हणाले, "आता तुझं काम झालं असन, त ते खुर्ची आणून देशीन का मले?"